फुटबॉलसाठी कोल्हापूरची सफर

आमची लेक नववीत, शाळेच्या संघात गोलकीपर. "पुढच्या वर्षी दहावी, आता खेळ पुरे," असं अम्मींचं मत. आणि याच अम्मींना, 1940 साली कलकत्त्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगने रोव्हर्स आणि ड्युरँड हे दोन्ही कप जिंकले, हे त्यांच्या अब्बांकडून ऐकलेलं अजून तोंडपाठ!

शनिवारी रात्री अम्मींनाही सोबत घेऊन अहिल्यानगरहून एसटीने निघालो. पुणेमार्गे सकाळी कोल्हापूर. दुपारी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार तालीम. इथले कितीतरी संघ पेठांच्या तालमींचे. कुस्तीच्या गावाने फुटबॉलही तितक्याच हौसेने जपलाय. पायऱ्या खच्चून भरलेल्या, हलगीचा कडकडाट, मधूनच शिव्याही. त्या कानाआड केल्या. मध्यंतरात असर अदा केली.

लेकीची नजर मात्र गोलकीपरवर. गोल झाला की सगळे नाचत, ती गोल खाल्लेल्याकडे बघत राही.

परतताना कराड मागे पडल्यावर तिने हळूच विचारलं, "अब्बू, दहावीत खेळू ना?"

आम्ही गप्प. अम्मी डोळे मिटूनच म्हणाल्या, "आधी हातमोजे नवे घे. जुने फाटलेत."