समुद्रावरील मृत्यू आणि चांद्याचे दप्तर

ज्या मुलखात जलप्रवास म्हणजे वैनगंगेचा किंवा प्राणहितेचा डोंगा, आणि समुद्र म्हणजे शाळेच्या भिंतीवरील नकाशातला निळा रंग, त्या चांदा-गडचिरोलीकडील एखाद्या घरी ‘आमचा चुलत आजा नेवीत होता, लढाईत जहाजासंगं बुडला’ एवढेच एक वाक्य तीन पिढ्या चालत आलेले असावे, आणि घरातल्या कोणा जिज्ञासू नातवाला त्यामागील वृत्तांत शोधण्याची बुद्धी व्हावी, म्हणजे तो प्रथम दिल्ली-लंडनच्या अभिलेखागारांची स्वप्ने पाहू लागतो. हा क्रम उलटा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. शोधाचा आरंभ तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूमपासून, आणि तेथेही कोतवाल पंजीपासून करावा.

ही पंजी म्हणजे जुन्या मध्यप्रांताच्या राज्यकारभाराने मागे ठेवलेली एक अत्यंत मोलाची वस्तू होय. गावात कोण जन्मले नि कोण मयत झाले, हे कोतवालाने ध्यानात ठेवावे, ते वहीत चढावे, आणि तिथून ठाण्याच्या दप्तरी जावे, अशी ती व्यवस्था. पिवळ्या पडलेल्या, कडा झडलेल्या त्या पानांवर मोडीत वा बाळबोधीत बापाचे नाव, जात, तारीख आणि मृत्यूच्या रकान्यात बहुधा ‘ताप’, क्वचित ‘देवी’ किंवा ‘पटकी’ असे एकेका शब्दाचे निदान आढळते. आपल्या खलाशाचा जन्म इथे सापडला, तर त्याचे व त्याच्या बापाचे त्या काळी लिहिले जाणारे नाव हाती येते, आणि पुढे इंग्रजी कागदांत त्याचे जे विकृत रूप झालेले असते ते ओळखता येते. मात्र त्याचा मृत्यू इथे शोधू नये. गावच्या शिवेत जो मेला त्याचीच खबर कोतवालाने द्यायची. अरबी समुद्रात जो गेला, तो या पंजीपुरता मेलाच नाही. सातबाऱ्याच्या पूर्वजांत, म्हणजे त्या काळच्या जमिनीच्या कागदांतही, वारसाची नोंद होईतो असा इसम कित्येकदा हयात राहिलेला दिसतो. यास्तव पंजीत मृत्यू नाही, म्हणून घरची कथा खोटी, असा निष्कर्ष काढण्याची घाई करणे योग्य नव्हे.

आणखी एक इशारा. युद्धकालीन कागदांत गडचिरोली जिल्हा शोधणे व्यर्थ आहे, कारण तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. युद्धकाळी ब्रह्मपुरीपासून सिरोंच्यापर्यंतचा सारा मुलूख ‘चांदा, मध्यप्रांत’ या दोन शब्दांतच मावत असे.

आता जहाजाकडे वळू. १९३९ साली युद्ध पेटले तेव्हा रॉयल इंडियन नेव्हीचे मनुष्यबळ दोन हजारांच्याही आत होते, आणि खलाशी बहुतांशी रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. युद्ध संपेतो तीच संख्या पंचवीस हजारांच्या पुढे गेली, आणि भरतीचे जाळे समुद्र कधी न पाहिलेल्या प्रांतांपर्यंत पसरले. माणसांप्रमाणेच नौकाही तातडीने जमवाव्या लागल्या, म्हणून किनाऱ्यावर उतारू वाहणाऱ्या साध्या आगबोटी सरकारने ताब्यात घेतल्या, त्यांच्यावर तोफ बसवली आणि त्यांना गस्तीला जुंपले. सत्यवती, नेत्रावती, प्रभावती ही त्यांची नावे वाचताना रणनौकांची यादी वाचतो आहोत की एखाद्या सुखवस्तू घरच्या सुनांची, असा क्षणभर संभ्रम पडतो.

यांपैकी ‘प्रभावती’ची हकिकत फार थोड्यांना ठाऊक आहे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसच्या वाटेवर बुडालेली ‘रामदास’ बोट महाराष्ट्र विसरला नाही. ‘प्रभावती’ची त्याने कधी आठवणच धरली नाही. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी फौजा मलायाच्या किनाऱ्यावर उतरल्या, पर्ल हार्बरची वार्ता जगभर पसरली, आणि हिंदी महासागरातील प्रत्येक ब्रिटिश कप्तानाला अंधारातील प्रत्येक आकृतीत जपानी पाणबुडी दिसू लागली. त्या रात्री ‘प्रभावती’ अरबी समुद्रातून मालवाहू लायटर, म्हणजे पडाव, ओढीत चालली होती. ब्रिटिश क्रूझर ‘ग्लासगो’ने तिला पाहिले, सुमारे सहा हजार यार्डांवरून, म्हणजे साडेपाच किलोमीटरांवरून. पुढे मोठी नौका, तिच्या मागे पाण्यात बुडाल्यासारखे ठेंगणे लायटर, ही काळोखातील रूपरेषा पृष्ठभागावर आलेल्या पाणबुडीची आहे असा समज झाला, आणि सहा इंची तोफांनी स्वपक्षाचीच गस्तनौका बुडवली.

अशा नौकेवरील मृताची नोंद आज कोठे मिळते? राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या सूचीत, जिच्यात ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या कालावधीतील मृत धरले जातात. तिथे नाव, हुद्दा, क्रमांक, नौकेचे नाव, तारीख, आणि दैव अनुकूल असल्यास बापाचे नाव नि गाव मिळते. ज्यांना समुद्राखेरीज दुसरी समाधी नाही अशा सहा हजारांवर हिंदी नाविकांची नावे मुंबईच्या मशीद बंदराजवळील इंडियन सेलर्स होममध्ये ग्रंथरूपाने जपली आहेत, आणि त्याच ग्रंथाची जुळी प्रत चितगावला आहे. परंतु मृत्यू कसा झाला, हे त्यांत लिहिलेले नसते. शत्रूच्या पाणतीराने गेलेला आणि मित्राच्या तोफेने गेलेला, दोघांची ओळ एकसारखीच दिसते. कारण हवे असेल तर नौकेचे चरित्र निराळे शोधावे लागते, आणि त्यासाठी ‘ग्लासगो’सारख्या दुसऱ्याच नौकेचे कागद उलगडावे लागतात.

छापील ग्रंथांवरही डोळे मिटून विसंबू नये. ‘पठाण’ ही गस्तनौका जून १९४० मध्ये गेली, येथवर सर्वांचे एकमत आहे. काही ग्रंथकार ती बुडवल्याचे श्रेय इटालियन पाणबुडी ‘गाल्वानी’ला देतात, तर काही वृत्तांतांनुसार ती मुंबईनजीक स्फोटाने बुडाली. आता ‘गाल्वानी’ स्वतः २४ जूनच्या सुमारास ओमानच्या आखातात ‘फाल्मथ’ या ब्रिटिश नौकेच्या हातून रसातळाला गेली. तेथून मुंबई सुमारे हजार सागरी मैल. पाण्यावर सतराएक नॉटने धावणाऱ्या पाणबुडीला ते अंतर कापायला दोन अहोरात्रींहून अधिक काळ हवा. तेव्हा ‘पठाण’ मुंबईजवळ २३ तारखेला बुडाली असेल, तर ‘गाल्वानी’ निर्दोष ठरते. आणि ‘गाल्वानी’ दोषी असेल, तर घटनास्थळ बदलावे लागते. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. नकाशा आणि त्रैराशिक एवढ्यावर हा विचार होऊ शकतो, तो करण्यासाठी विलायतेला जाण्याचे कारण नाही.

तारखेचेही असेच. ‘प्रभावती’चा प्रसंग रात्रीचा, म्हणून कुठे ८ डिसेंबर छापलेला आढळतो, कुठे ९. ज्यांच्याकडे तिथी अज्ञात म्हणून सर्वपित्रीलाच पान वाढले जाते, त्यांनी जुने पंचांग काढून तिथी ठरवण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

घरच्या पेटीतील पदक मात्र कोठेही अर्ज करण्याआधी पाहावे. हिंदी फौजांना दिलेल्या बऱ्याच पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. घासून लखलखीत करण्याचा मोह टाळून ती कड भिंगाखाली धरावी. नौसैनिकांच्या सेवानोंदींचे काम मुंबईत मानखुर्दच्या चित्ता कॅम्पमधील ब्युरो ऑफ सेलर्सकडे आहे, आणि जुन्या सोल्जर्स बोर्डाची परंपरा चालवणारे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय चंद्रपुरातच, म्हणजे जुन्या चांद्यातच आहे. अर्जात क्रमांक सर्वांत वर लिहावा, त्याखाली नौकेचे नाव, त्याखाली शंकास्पद असल्यास दोन्ही तारखा, आणि वंशावळ सर्वांत शेवटी. आपल्याकडे अर्ज नेमका वंशावळीपासून सुरू होतो, आणि वाचणारा कारकून क्रमांकापर्यंत पोहोचतच नाही.