लेखकावर लष्करी खटला का चालला?

पणजीच्या आझाद मैदानावर ज्यांचे स्मारक आहे, ते टी. बी. कुन्हा 'गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक' म्हणून सर्वपरिचित आहेत. मात्र लष्करी न्यायाधिकरणापुढे उभे केलेले ते गोव्यातील पहिले सामान्य नागरिक होते आणि त्यांचे शस्त्र लेखणी हेच होते, याचा उल्लेख क्वचितच होतो.

चांदोर येथे १८९१ साली जन्मलेल्या कुन्हा यांनी पॅरिसमध्ये विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि फ्रेंच वृत्तपत्रांतून भारताच्या स्वातंत्र्यलढ्याची बाजू मांडली. १९२६ साली ते गोव्यात परतले. त्याच वर्षी पोर्तुगालमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. त्यातूनच पुढे सालाझारची हुकूमशाही उभी राहिली. छापल्या जाणाऱ्या प्रत्येक शब्दावर पूर्वनियंत्रण आले. अशा काळात, १९४४ साली, गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणाची मीमांसा करणारी त्यांची पुस्तिका प्रसिद्ध झाली.

१८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया यांनी नागरी स्वातंत्र्याचा लढा पुकारला. जुलैमध्ये कुन्हा यांना अटक झाली. मतभेद हाच राज्यावरील हल्ला मानला, की लेखकही शत्रुसैनिक ठरतो. खटला लष्कराकडे सोपवण्यामागचे तर्कशास्त्र हेच होते. आग्वादच्या अंधाऱ्या, दमट कोठडीत त्यांना ठेवण्यात आले. प्रकाश आणि माणसांचा सहवास हिरावून घेणे, हाही छळच. आठ वर्षांची शिक्षा ठोठावून त्यांची रवानगी पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात झाली. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे आणि पत्रकार फांचू लोयोला यांच्याही वाट्याला पेनिशचा तुरुंगवास आला. त्याच किल्ल्यात सालाझारचे पोर्तुगीज विरोधकही बंदिस्त होते. गोमंतकीयांचा गळा आवळणारी राजवट स्वतःच्या जनतेलाही मोकळेपणाने बोलू देत नव्हती.

शिक्षेचा हेतू मात्र साध्य झाला नाही. १९५३ साली पोर्तुगालमधून निसटून कुन्हा पॅरिसमार्गे मुंबईत पोहोचले आणि त्यांनी 'फ्री गोवा' हे नियतकालिक सुरू केले. २६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९ डिसेंबर १९६१ चा मुक्तिदिन त्यांना पाहता आला नाही.

आज आग्वाद आणि पेनिश या दोन्ही तुरुंगांत संग्रहालये आहेत. तेथील कोठड्या पाहणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की त्यांत डांबलेल्या एका माणसाचा अपराध केवळ लिहिणे आणि बोलणे हा होता.