पिसं धुतलेलं पाणी आणि ‘९० टक्के पुनर्वापर’ या आकड्याचा खरा अर्थ

थंडीच्या जॅकेटांमध्ये आणि स्लीपिंग बॅगांमध्ये बदकांची किंवा पाळीव हंसांची मऊ लव भरतात. तिला ‘डाऊन’ म्हणतात. या मालाचा सर्वांत मोठा उत्पादक चीन. तिथे हांगचौजवळचा शाओशान भाग या धंद्यासाठी ओळखला जातो. पक्षी मुख्यतः मांसासाठी पाळले जातात, पिसं हे जोडउत्पादन. त्यामुळे कारखान्यात येणाऱ्या पिसांवर धूळ, विष्ठा, कातडीचे कण आणि चरबी असते. ती डिटर्जंटने धुऊन पुन्हा पुन्हा खळबळावी लागतात आणि पाणी भरपूर लागतं.

या सांडपाण्यात काय असतं? तरंगणारे तंतू, स्निग्ध पदार्थ, प्रथिनं आणि डिटर्जंट. शुद्धीकरणाचा क्रमही त्यानुसारच लागतो. आधी बारीक जाळीने तंतू अडवायचे. मग रसायन घालून आणि हवेचे बारीक बुडबुडे सोडून चरबी वर आणायची. त्यानंतर विरघळलेले सेंद्रिय पदार्थ जिवाणूंकडून खाववायचे. इथे डिटर्जंट त्रास देतं: ते चरबी पाण्यात धरून ठेवतं आणि हवा सोडली की फेस करतं.

एवढं केलं की सीओडी चांगला उतरतो, आणि बरेचदा निष्कर्ष निघतो की ‘९० टक्के पाणी परत वापरता येईल’. पण थांबा. विरघळलेल्या क्षारांचं काय? डिटर्जंटमधून क्षार येतात, फटकडीसारख्या रसायनातूनही येतात. जिवाणू ते खात नाहीत.

एक साधं गणित करू. समजा, प्रत्येक फेरीत पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅम क्षार वाढतात (आकडा उदाहरणापुरता). १०० लिटरपैकी ९० लिटर परत वापरलं, १० लिटर बाहेर सोडलं आणि तेवढंच ताजं घातलं. पुनर्वापराचं प्रमाण r धरलं, तर धुण्यासाठी येणाऱ्या पाण्यातली जादा क्षारता शेवटी २०० × r ÷ (१ − r) इथे स्थिरावते.

५० टक्के पुनर्वापर: २०० मिलिग्रॅम
८० टक्के: ८००
९० टक्के: १८००
९५ टक्के: ३८००

म्हणजे ९० वरून ९५ वर जाताना क्षार दुपटीहून जास्त होतात. आणखी एक गोष्ट. ९० टक्क्यांच्या बाबतीत पहिल्या फेरीनंतर वाढ फक्त १८० दिसते. दहा फेऱ्यांनंतरही आपण अंतिम पातळीच्या साधारण ६५ टक्क्यांवरच असतो. प्रयोगशाळेत एकच फेरी केली, तर ही अडचण दिसणारच नाही.

आरओ लावला की प्रश्न सुटतो का? क्षार नाहीसे होत नाहीत, थोड्या पाण्यात गोळा होतात. त्या पाण्याचं काय करणार, हेही प्रबंधात लिहावं लागतं.

मग पाणी किती स्वच्छ हवं? हे पिसंच सांगतात. या व्यापारात गढूळपणाची चाचणी असते: १० ग्रॅम डाऊन १ लिटर पाण्यात हलवून ते पाणी गाळतात, काचेच्या उंच नळीत भरतात आणि तळाची खूण किती उंचीपर्यंत दिसते ते मोजतात. दुसरी चाचणी ऑक्सिजन-अंकाची. तीत पिसांवर राहिलेले सेंद्रिय पदार्थ कळतात. शेवटच्या खळबळण्याला सगळ्यात स्वच्छ पाणी हवं, पहिल्या धुण्याला नाही. म्हणून शेवटचं पाणी तसंच मागच्या टप्प्याला देता येतं. ताज्या पाण्याची गरज तिथेच कमी होते.

तेव्हा या विषयावर प्रस्ताव लिहिणार असाल, तर तीन गोष्टी आधीच ठरवा: किती फेऱ्या चालवणार, सीओडीसोबत विद्युतवाहकता मोजणार का, आणि परत वापरलेल्या पाण्यात धुतलेली पिसं चाचणीत उतरतात का. तिसऱ्याचं उत्तर नसेल, तर तुम्ही सांडपाण्यावर प्रक्रिया केलीत एवढंच म्हणता येईल. पुनर्वापर अजून सिद्ध झालेला नाही.