मागचे चार प्लग

२००३ साली भारतात आलेल्या होंडा सिटीचं बॉनेट उघडलं की पुढच्या बाजूचे चार स्पार्क प्लग सहज हाताशी लागतात. गाडीला प्लग मात्र आठ आहेत. आय-डीएसआय नावाच्या त्या दीड लिटरच्या इंजिनात दर सिलिंडरला दोन प्लग होते. इंजिनाचा वेग आणि त्यावरचा भार पाहून ते एकदम किंवा किंचित मागेपुढे पेटवायचे आणि थोड्या पेट्रोलमध्ये पूर्ण ज्वलन साधायचं, अशी ती योजना. उरलेले चार प्लग इंजिनाच्या मागच्या अंगाला, काचेच्या पायथ्याशी असलेल्या आवरणाच्या सावलीत दडलेले असतात. तिथे नीट पोचायचं तर वायपरच्या दांड्या सोडवून ते आवरण उचलावं लागतं. म्हणजे प्लगला पाना लागण्याआधीच बरंच काम होऊन बसतं. त्यामुळे सर्व्हिसिंगमध्ये पुढचे चार प्लग नवे आणि मागचे चार जुनेच, असा प्रकार या गाडीच्या बाबतीत वारंवार घडत आला. त्याचं खापर मेकॅनिकच्या आळसावर फोडणं सोपं आहे. पण जो भाग झिजणार हे ठाऊक असूनच बसवलेला असतो, तो हाताच्या टप्प्याबाहेर ठेवणं हा मुळात आरेखनाचा दोष आहे, आणि त्याची किंमत मेकॅनिकच्या खरचटलेल्या बोटांपुरती राहत नाही.

हे पटण्यासाठी प्लग बदलताना हात नेमकं काय करतो ते बारकाईने पाहायला हवं. इंजिन पूर्ण थंड लागतं, कारण हेड ॲल्युमिनियमचं आणि प्लगचं अंग पोलादाचं. तापल्यावर ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट प्रसरण पावतं आणि गरम हेडमधून प्लग ओढून काढताना त्याचे मऊ आटे सोबत येऊ शकतात. कॉइलचा छोटा बोल्ट सोडवायचा, कनेक्टरची कळ दाबून तो अलगद मागे घ्यायचा. जुन्या गाडीत हे प्लास्टिक उष्णतेने ठिसूळ झालेलं असतं, म्हणून इथे घाई चालत नाही. मग प्लगच्या विहिरीत कॉम्प्रेसरची हवा मारायची, नाहीतर तळाशी साचलेली वाळू प्लग निघताक्षणी थेट सिलिंडरमध्ये पडते. पाना बसवून पहिला झटका दिला की ‘कट्’ असा आवाज येतो आणि प्लग मोकळा होतो. पुढचे फेरे हलके गेले पाहिजेत. मध्येच जड लागलं तर जोर न लावता पाना उलटा फिरवायचा, दोन थेंब तेल सोडायचं, थांबायचं आणि पुन्हा थोडा पुढे घ्यायचा. ‘जड लागलं’ हे सांगणारं कोणतंही यंत्र त्या क्षणी तिथे नसतं. ते मनगटाला कळतं.

नवा प्लग बसवताना तर सगळी भिस्त बोटांवरच असते. जुने कारागीर रबरी नळीच्या तुकड्यात प्लग खोचून तो विहिरीत सोडतात. आधी उलट्या दिशेने हळूच फिरवतात. आट्याचं तोंड आट्याला मिळालं की बारीकसं ‘टप्’ जाणवतं, आणि मग सुलट फिरवायला घेतात. आटे तिरके लागले असतील तर रबर प्लगवर घसरतं, पुढे जातच नाही. नळीचा हा तुकडा फुकटात मिळतो आणि जोर लावूच देत नाही, म्हणूनच तो या कामातलं फार मोलाचं साधन आहे. हाताने पूर्ण बसल्यावर, वायसर असलेल्या नव्या प्लगला पान्याने साधारण अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरतो. आता हेच काम मागच्या बाजूला, आंधळेपणाने करायचं असेल तर मध्ये लांब एक्स्टेन्शन येतं, त्याला युनिव्हर्सल जॉइंट लागतो आणि मनगट वाकड्या कोनात फिरतं. एवढ्या सांध्यांतून ते ‘टप्’ बोटांपर्यंत पोचत नाही. पाना जरा कलला तर प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीला केसाएवढी भेग जाते. ती डोळ्याला दिसत नाही, पण ठिणगी टोकावर पडण्याऐवजी त्या वाटेने हेडकडे पळते. आटे गेले तर नवे आटे पाडून धातूचं बुश बसवावं लागतं, किंवा सरळ हेडच उतरवावं लागतं. काहीशे रुपयांच्या भागापायी हे सगळं ओढवतं, आणि तेही मुख्यतः हाताला काही जाणवेल अशी जागा ठेवलेली नसते म्हणून.

जागेच्या अडचणीने आणखी एक गोष्ट हिरावून घेतली आहे, तिच्याकडे कमी लक्ष जातं. इंजिन न खोलता सिलिंडरच्या आतली जी खबर बाहेर येते, ती सर्वांत स्वस्तात प्लग आणतो. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. ओलं, तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलकडे बघायला हवं. पांढरंफटक, फोड आल्यासारखं असेल तर इंजिन बेसुमार तापतंय. चार प्लग ओळीने फडक्यावर मांडले की कोणता सिलिंडर दुखतोय ते बोट दाखवून सांगता येतं. दोन प्लगच्या इंजिनात याची गरज जास्तच. कारण एक प्लग मंदावला तरी दुसरा काम भागवतो, गाडी मिसिंग मारत नाही. फक्त ओढ कमी होते, पेट्रोल जास्त लागतं आणि मालक पेट्रोलपंपाला दोष देत राहतो. ज्या इंजिनात बिघाड आपण होऊन बोलत नाही, त्यात प्लग पाहण्याची वाट अधिक सोपी ठेवायला हवी होती. नेमकी तीच जास्त अवघड झाली. त्याच २००३ साली पुण्याच्या बजाजने पल्सरला डीटीएस-आय इंजिन दिलं, तेही एका सिलिंडरला दोन प्लगचं. मोटरसायकल उघडीच असते, त्यामुळे ही तुलना पुरती न्यायाची नाही हे मान्य. पण दोन प्लग म्हणजे एक लपलेलाच, असा काही निसर्गनियम नाही एवढं त्यातून नक्की दिसतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो जागेचा, आणि तो खरा आहे. १९५९ साली अभियंता ॲलेक इसिगोनिसने मिनी गाडीत इंजिन आडवं बसवलं आणि छोट्या गाडीत चार माणसं ऐसपैस बसू लागली. आजच्या बहुतेक लहान गाड्या त्याच मांडणीच्या आहेत. त्यात एसीचा कॉम्प्रेसर आला, एबीएस आलं, धडकेत चेपण्यासाठी राखलेली जागा आली. यातलं काहीही काढून टाका असं कुणी म्हणणार नाही. पण जागा कमी असणं वेगळं आणि कशावर काय ठेवायचं हे ठरवणं वेगळं. मारुती ८०० चं इंजिनही आडवंच होतं, बॉनेटखाली मोकळं मैदान नव्हतं, तरी तिचे तीन प्लग साध्या पान्याने निघत. उलट, अमेरिकेत मराठी कुटुंबांच्या दारातही दिसणाऱ्या टोयोटा सिएनाच्या जुन्या, आडव्या व्ही-६ इंजिनात मागचे तीन प्लग काढायला वरची हवेची पेटी उतरवावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार वाटतो. इरिडियमचे प्लग लाखभर किलोमीटर टिकतात. इतक्या क्वचित करायच्या कामासाठी जागा का अडवायची? यात टिकणं आणि निघणं यांची गल्लत आहे. इरिडियम असतं ते टोकावर, आटे पोलादाचेच असतात. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालणारी गाडी घेतली तर तो प्लग दहा वर्षं हेडमध्ये बसून राहणार. तेवढ्यात आट्यांच्या खालच्या टोकाला कार्बन धरतो आणि दोन धातू एकमेकांना चिकटतात. म्हणजे ज्या दिवशी तो काढायचा, त्या दिवशी हाताला सर्वांत जास्त मोकळीक हवी असते. शिवाय वॉरंटी कधीच संपलेली असते, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे असते आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये येते. खास हत्यारं आणि कोऱ्या गाडीवर घेतलेलं प्रशिक्षण कंपनीच्या वर्कशॉपमध्येच राहतं.

मेकॅनिकला इथे सरसकट निर्दोष ठरवता येत नाही. आठ प्लगचे पैसे घेऊन चार बदलणं ही फसवणूकच. पण मागच्या चारांना लागणारा वेळ बिलात वेगळा दिसत नाही आणि गिऱ्हाईकही तो मोजायला तयार नसतं, तेव्हा प्रामाणिक माणसालाही अर्ध्या कामावर थांबण्याचा मोह होतो. अशी जुनी सिटी ज्यांच्याकडे अजून आहे त्यांनी वायपर काढायची वेगळी मजुरी आधीच कबूल करावी आणि काढलेले प्लग मागून घ्यावेत. पुढचे एका कागदात, मागचे दुसऱ्या कागदात, असे आठ.