विसरतं ते मॉडेल, लक्षात ठेवते ती कंपनी

रात्री साडेअकराला कुणीतरी मोबाइलवर एआय चॅटबॉटला लिहितं, ‘आईच्या थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच ८.२ आलाय. काळजीचं आहे का?’ उत्तर काही सेकंदांत हजर होतं. तेवढ्या वेळात त्या वाक्याचं काय काय होतं, हे पाहिलं की थक्क व्हायला होतं.

वाक्य कूटबद्ध होऊन निघतं, त्यामुळे वाटेत ते कुणाला वाचता येत नाही. कंपनीच्या सर्व्हरवर मात्र ते उलगडलं जातं. तिथे त्याचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याला एक आकडा मिळतो आणि ते आकडे मॉडेलमधून जातात. मॉडेल तरी काय, अब्जावधी आकड्यांचा संच! गंमत अशी, की प्रश्न येण्याआधी हा संच जसा होता, उत्तर दिल्यावरही तसाच राहतो. एकही आकडा हलत नाही. आईबद्दल ऐकून मॉडेलवर ओरखडासुद्धा उमटत नाही.

मग पुढचा प्रश्न येतो, ‘तिला कोबी चालेल का?’ आणि ‘तिला’ म्हणजे कुणाला, हे बरोबर कळतं. कसं? दर खेपेला आधीचं सगळं संभाषण पहिल्यापासून मॉडेलपुढे मांडलं जातं. खिडकीत दर वेळी नवा कारकून बसावा आणि त्याच्यापुढे अख्खी फाईल सरकवावी, तसं.

म्हणजे स्मरण कारकुनाकडे नाही, फाईलीत आहे. आणि फाईल एकच असते असंही नाही. आपल्याला दिसणारा जुन्या गप्पांचा इतिहास ही एक. गैरवापर पकडण्यासाठी ठेवलेली नोंद दुसरी. बिघाड शोधायला लागणारा लॉग तिसरा. आणि परवानगी असेल तर पुढचं मॉडेल शिकवण्याच्या ढिगात जाणारी प्रत चौथी. प्रशिक्षणासाठी वापरत नाही, याचा अर्थ साठवतच नाही असा होत नाही.

प्रत्येक कंपनीचं घड्याळही वेगळं. अँथ्रॉपिकने ऑगस्ट २०२५मध्ये आपल्या क्लॉड या चॅटबॉटच्या सर्वसाधारण वापरकर्त्यांपुढे पर्याय ठेवला: प्रशिक्षणाला होकार दिलात तर माहिती ५ वर्षांपर्यंत राहील, नकार दिलात तर ३० दिवस. गूगलच्या जेमिनीत नोंदी बंद केल्या तरी संभाषण ७२ तासांपर्यंत राहू शकतं. तिथे माणसांनी तपासलेली संभाषणं खात्यापासून तोडून ३ वर्षांपर्यंत ठेवली जातात. हो, काही संभाषणं माणसं वाचतात!

हे आकडे कंपनीच्या हातात असतात, पण नेहमीच नाही. न्यूयॉर्क टाइम्सने चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयवर कॉपीराइटचा दावा लावला होता. त्यात मे २०२५मध्ये न्यायालयाने आदेश दिला, की एरवी पुसली गेली असती ती संभाषणंही जपून ठेवा. लोक ‘डिलीट’ दाबत होते आणि नोंद मात्र शाबूत राहत होती. ही सक्ती २६ सप्टेंबरला संपली. काहीच न साठवण्याचा करार असलेल्या व्यावसायिक ग्राहकांना मात्र आदेशाची झळ लागली नाही. मुळात साठवलंच नव्हतं, तर जपणार काय?

त्याच दाव्यात नोव्हेंबर २०२५मध्ये न्यायालयाने ओळख काढून टाकलेली २ कोटी चॅटजीपीटी संभाषणं वादींना द्यायला सांगितली. ओळख काढली म्हणजे माणूस लपला का? २००६मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख लोकांचे सर्चमधले प्रश्न संशोधनासाठी खुले केले होते. नावांच्या जागी नंबर. प्रश्नांची संख्या, योगायोग पाहा, सुमारे २ कोटीच. गावाचं नाव, आडनाव, दुखणी असे धागे जुळवत पत्रकारांनी एका नंबरामागची वृद्धा शोधून काढली. ते पत्रकार होते न्यूयॉर्क टाइम्सचेच!

कधी कुणाला मागावंही लागत नाही. जानेवारी २०२५मध्ये विझ या सुरक्षा कंपनीला डीपसीक या चिनी एआय कंपनीचा डेटाबेस इंटरनेटवर पासवर्डविना उघडा सापडला. लॉगच्या १० लाखांहून अधिक ओळी, त्यात वापरकर्त्यांची संभाषणंही. पण याच डीपसीकचं आर१ मॉडेल कुणालाही उतरवून घेता येतं. त्याच्या छोट्या आवृत्त्या तर घरच्या संगणकावरही चालतात, तिथे प्रश्न घराबाहेर जातच नाही. गोपनीयता मॉडेलची नसते, ते चालवणाऱ्याची असते.

चालवणाऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागू नये, अशीही सोय होऊ शकते. ॲपलने जून २०२४मध्ये जाहीर केलेल्या प्रायव्हेट क्लाउड कम्प्यूट या एआय-सर्व्हरांच्या व्यवस्थेत उत्तर दिल्यानंतर प्रश्नाची माहिती ठेवली जात नाही. तिथलं सॉफ्टवेअर संशोधकांना तपासायला खुलं आहे, आणि ज्या सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरची जाहीर नोंद नाही, त्याला आयफोन माहिती पाठवतच नाही.

थोडक्यात, लक्षात ठेवणं ही या यंत्राची नैसर्गिक खोड नाही. तो माणसांनी घेतलेला निर्णय असतो, म्हणून त्याचा जाबही विचारता येतो. काय ठेवता? किती दिवस? कोण वाचतं? कोण मागून नेऊ शकतं? धोरणाच्या पानावर याची उत्तरं आकड्यांत मिळायला हवीत. तिथे नुसतं ‘गरज असेल तोवर’ असं लिहिलं असेल, तर पाचवा प्रश्न: गरज कुणाची?