अ‍ॅलर्जीची गोळी घेतली की झोप का येते?

ऑक्टोबर लागला की बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात सोयाबीनची मळणी सुरू होते. दाणे पोत्यात पडतात आणि भुसा उडून थेट नाकाडोळ्यांत जातो. बांधावर गाजरगवत फुललेलं असतंच. मग सलग दहा-बारा शिंका, गळणारं नाक, डोळ्यांची आग. मेडिकलवर "सर्दीची गोळी द्या" म्हटलं की गोळी मिळते आणि तास-दोन तासांत नाक थांबतं. पण सोबत डोळेही मिटायला लागतात, आणि समोर मळणीयंत्र सुरू असतं.

ही झोप येते कुठून?

भुसा किंवा परागकण हे काही रोगजंतू नाहीत. पण अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाचं शरीर त्यांना शत्रू समजतं आणि हिस्टामिन नावाचं रसायन सोडतं. हे हिस्टामिन पेशींवरच्या ठरावीक जागांवर जाऊन बसलं की खाज सुटते, शिंका येतात, नाकातून पाणी वाहतं. अँटीहिस्टामिन गोळी हिस्टामिन नष्ट करत नाही, ती फक्त त्याची जागा अडवते. एसटीत रुमाल टाकून सीट धरतात ना, अगदी तसं. म्हणूनच शिंकांनी बेजार झाल्यावर घेतलेल्या गोळीपेक्षा धुळीत जाण्याआधी घेतलेली गोळी जास्त कामाला येते.

आता गंमत अशी की हिस्टामिन मेंदूतही असतं आणि तिथे त्याचं काम आपल्याला जागं ठेवण्याचं आहे. क्लोरफेनिरामिन (म्हणजे सीपीएम) किंवा फेनिरामिन (म्हणजे एव्हिल) ही जुन्या पिढीची औषधं मेंदूत सहज शिरतात आणि तिथल्याही सीटा अडवतात. मग गुंगी येते, हात-पाय उशिरा हलतात. सीपीएम शरीरातून हळू बाहेर पडतं, त्यामुळे रात्री घेतलेल्या गोळीचा जडपणा सकाळीही राहू शकतो. वरून दारू घेतली तर विचारायलाच नको.

सर्दीच्या बऱ्याच तयार गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉलसोबत हेच सीपीएम असतं. आपण अ‍ॅलर्जीचं औषध घेतोय हे घेणाऱ्याला माहीतही नसतं. ट्रॅक्टर, मोटारसायकल किंवा मळणीयंत्र चालवायचं असेल तर पाकिटामागची बारीक अक्षरं वाचाच. लहान मुलांच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं औषध ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा पाकिटावर छापायला सांगितलं.

नव्या पिढीतली लोराटाडिन आणि फेक्सोफेनाडिन मेंदूत फारशी जात नाहीत. सेटिरिझिन नव्या पिढीतलंच, तरी काहींना त्यानेही पेंग येते. फेक्सोफेनाडिन मात्र साध्या पाण्यासोबतच घ्यावं. संत्र्या-मोसंबीच्या रसाबरोबर घेतलं तर ते शरीरात कमी शोषलं जातं. संत्र्यांच्या विदर्भात हे माहीत असलेलं बरं.

अंगावर लाल गांधी उठल्या की आपल्याकडे "पित्त उठलं" म्हणतात आणि अ‍ॅसिडिटीची गोळी घेतात. त्या गांधींमागेही बहुतेकदा हिस्टामिनच असतं. पोटातलं आम्ल वाढवण्यातही हिस्टामिनचा हात असतो, पण तिथली सीट वेगळी. त्यामुळे एकट्या अ‍ॅसिडिटीच्या गोळीवर खाज जाईल, ही आशा नको.

चोंदलेल्या नाकावर गोळीचा तेवढा उपयोग होत नाही. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब काही मिनिटांत काम करतात, पण सलग आठवडाभर टाकले तर नाक उलट जास्तच चोंदायला लागतं. स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे सूज कमी करतो, मात्र त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जातात. दोन दिवसांत "फरक नाही" म्हणून तो बंद करणारे बरेच असतात. डॉक्टरांनी सांगितलं असेल तितके दिवस तो रोज घ्यावा लागतो.

आणि ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला, चक्कर आली तर यातलं कुठलंच औषध पुरेसं नाही. तिथे अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. गोळीचा असर व्हायची वाट न पाहता १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळचा दवाखाना गाठा.