रॅमची अंडी कुणी खाल्ली?

रॅम हा व्हेनेझुएला-कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्यातला, जेमतेम ५ सेंमी लांबीचा मासा. त्याला कमी क्षारांचं, किंचित आम्लधर्मी पाणी लागतं. घरच्या टाकीत असं पाणी २८ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवलं, की जोडी सपाट दगड तोंडानं साफ करून त्यावर शे-दीडशे अंडी घालते. नर-मादी दोघंही राखण करतात, परांनी अंड्यांवर पाणी खेळतं ठेवतात. तरी सकाळी दगड रिकामा! अंधारात टेट्रा किंवा तळाचे कोरीडोरास डल्ला मारतात. आणि शेजाऱ्यांचा त्रास फारच झाला, तर खुद्द आईबापच. मुलं हे ऐकून हळहळतात. आम्ही विचारतो, यात माशाचा काही फायदा असेल का? एक स्पष्टीकरण असं, की अंडी वाचण्याची आशाच नसेल, तर त्यांतलं अन्न पुढच्या खेपेला कामी येतं. पिल्लं हवीच असतील, तर जोडीला वेगळी टाकी द्यावी.